घाटात इंजिन तापलं, मीटर मात्र गारच

अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या धाब्यांवर ट्रकचं 'पंप सेटिंग', म्हणजे इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाची जुळणी, करून देणारा एक जण फिरतो आहे. सोबत हाताखालचा पोरगा, टूलबॉक्स, मीटरची पेटी आणि तोंडात साखर. गाडीची ताकद वाढवतो, ॲव्हरेज वाढवतो, आणि वर एक्झॉस्टचं टेंपरेचर दाखवणारं मीटर लावून देतो म्हणजे इंजिनाला धोका नाही, असं त्याचं पॅकेज. आमच्या गाडीवर त्याने हे सगळं केलं आणि १८ हजार घेतले. पुढे इंजिनाच्या कामाला दीड लाखाच्या वर लागले. पैसे गेले ते गेले. पण त्याची एकेक खेळी इतकी बेमालूम आहे की ती सगळ्या गाडीवाल्यांना माहीत असायला हवी, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची गाडी दहा चाकी, बीएस-३ च्या (धुराच्या जुन्या सरकारी नियमांच्या) काळातली, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), साधा इनलाइन पंप. तिवसा, आर्वीकडचं सोयाबीन, तूर, सरकी नागपूरला नेतो. माल भरला की तळेगावच्या सत्याग्रही घाटात ती जड जाते. डिझेल नव्वदीच्या घरात असताना कुणी लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढवून देतो म्हटलं की कोणताही मालक ऐकून घेतो.

"भाऊ, गाडीले दम नाही तुमच्या. पंप थकला. पाहा, मी तुम्हाले मोजून दाखवतो," म्हणाला. आणि खरंच मोजून दाखवलं.

त्याचं मोजणं असं. डिझेल टाकीतून न घेता खुणा केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून घ्यायचं, गाडी चालवायची, बाटली रिकामी होईपर्यंत किती अंतर गेलं ते पाहायचं. पद्धत जुनी आहे आणि नीट केली तर खरी आहे. त्याने पहिल्यांदा मोजलं तेव्हा बाटली बघता बघता संपली. मग पंपाला पाना लावला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) काढून 'साफ' केले, परत बसवले आणि पुन्हा मोजलं. बाटली पुष्कळ पुरली. समोर उभे असलेले चार ड्रायव्हर माना डोलावत होते.

आता यातली मेख. इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल फीड पंप पुढे ढकलतो, आणि उरलेलं ओव्हरफ्लोच्या पाइपने टाकीत परत जातं. पहिल्या मोजणीत त्याने डिझेल बाटलीतून घेतलं, पण परतीचा पाइप टाकीतच ठेवला. म्हणजे बाटलीतलं बरंचसं डिझेल इंजिनात जळलंच नाही, ते टाकीत जाऊन पडलं. दुसऱ्या वेळी परतीचा पाइप त्याने बाटलीत सोडला. ॲव्हरेज वाढलं ते एवढ्यावर. आमच्या क्लीनरने हौसेने दोन्ही वेळचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला होता. पहिल्या व्हिडिओत बाटलीत एक पाइप आहे, दुसऱ्यात दोन. हे आम्हाला दिसलं तोवर इंजिन उघडलेलं होतं.

ताकद मात्र खरोखर वाढली होती, आणि हीच गोष्ट सगळ्यात वाईट. पंपाच्या मागच्या बाजूला, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरवर, जास्तीत जास्त डिझेल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू असतो. त्याला तारेत ओवलेलं शिशाचं सील असतं. ते सील तोडून त्याने स्क्रू फिरवला आणि वर आपलं नवीन सील दाबून टाकलं, हुबेहूब. गाडी पळायला लागली. आरशात काळा धूर दिसायला लागला. त्याबद्दल विचारलं तर, "काळा धूर म्हणजे ताकद हाय जी. अन् डिझेल जास्त गेलं की इंजिन थंड रायते."

हे साफ खोटं आहे. पेट्रोलच्या इंजिनात थोडं जास्त पेट्रोल दिलं तर ज्वाला थंडावते, तिथली गोष्ट उचलून तो डिझेलला चिकटवतो. डिझेल इंजिनात जेवढं डिझेल वाढवाल तेवढी उष्णता वाढते. टर्बोने दिलेली हवा पुरेनाशी झाली की ते धड जळत नाही, काजळी होते, आणि आग पिस्टनपासून मॅनिफोल्डपर्यंत (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळीपर्यंत) लांबते. काळा धूर म्हणजे पैसे देऊन भरलेलं डिझेल सायलेन्सरमधून बाहेर जातंय. त्यात एअर फिल्टर चोंदलेला असला किंवा टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज फाटका असला की आणखी भर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीची हवा आत जाते. ती विरळ असते, म्हणजे तेवढ्याच डिझेलला हवा कमी. हिवाळ्यात निभावून गेलेलं सेटिंग उन्हाळ्यात गाडी बसवतं.

या सगळ्यावर नजर ठेवायलाच तर एक्झॉस्टचं टेंपरेचर बघायचं असतं. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा फार उशिरा बोलतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि पिस्टन त्याच्याच मिश्रधातूचा. लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि खालून लागणारं तेल त्याला गार ठेवतात म्हणून तो टिकतो. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये घेतलेलं टेंपरेचर सातशेकडे जाऊन तिथेच थांबायला लागलं की जाणता ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडतो, गिअर उतरवतो. म्हणजे मीटर कामाची वस्तू आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या केबिनमध्ये त्याने बसवलेलं मीटरही चालू होतं, आकडे वरखाली होत होते. फरक एवढाच की त्याची तार जिथे जायला हवी तिथे जात नव्हती.

या मीटरला थर्मोकपल लागतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचं टोक धुराच्या झोतात राहायला हवं. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून, भोक पाडून, आटे पाडून तो आत बसवावा लागतो, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. या महाशयांनी तो टर्बोच्या पुष्कळ पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला बाहेरून हँगर क्लिपने आवळला आणि वरून दोरी गुंडाळली. टर्बोतून बाहेर पडताना धूर तसाही शंभर-दीडशे अंशांनी उतरलेला असतो, त्यात हे मोजतंय पाइपचं कातडं. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मागे काळा लोट, आणि मीटर म्हणतंय ३४०. माथ्यावर पाय काढला तर आकडा पडायच्या ऐवजी अजून दहा-पंधरा अंश चढला, कारण लोखंड उशिरा तापतं. धुरात बसवलेला थर्मोकपल असा वागत नाही. रेस दिली की दोन-तीन सेकंदांत आकडा उडतो, पाय काढला की लगेच कोसळतो. बसवणाऱ्यासमोर उभं राहून ही एवढी परीक्षा घ्या. आकडा गोगलगायीसारखा सरकत असेल तर टोक धुरात नाही.

आमचं इंजिन सरकीच्या फेरीत गेलं. आधी टर्बोच्या शिट्टीचा आवाज वेगळा यायला लागला, मग एका सिलिंडरचा ठोका यायला लागला, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून) धूर. उघडल्यावर चौथ्या पिस्टनचा माथा एका कडेला लोण्यासारखा वितळून खाली ओघळलेला, मॅनिफोल्डला तडा, टर्बोच्या घरालाही चीर.

पंप अमरावतीला एका जुन्या पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) चढवला. सहाही लाइनचं डिझेल कंपनीच्या तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि सहाही लाइन एकमेकींशी न जुळणाऱ्या. मग त्याने एक नोझल टेस्टरला लावून हाताने दांडा दाबला. चांगला नोझल चर्र चर्र आवाज करतो आणि धुकं सोडतो. याने आवाज न करता बारीक धार सोडली, आणि दांडा सोडल्यावरही टोकाला थेंब लोंबत राहिला. "हे नोझल तुमचे नाहीत जी," म्हातारबुवा म्हणाले. आदल्या वर्षीचं बिल काढलं. त्यावरचा कोड वेगळा, नोझलच्या अंगावर कोरलेला कोड वेगळा. 'साफ करतो' म्हणून गाडीमागे नेलेले आमचे जवळपास नवे नोझल त्याने खिशात घातले होते आणि कुठल्यातरी भंगारातले पॉलिश मारून बसवले होते. ते आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत 'नवे' म्हणून विकले गेले असतील. त्याची खरी कमाई बहुधा तीच.

विम्याची आशा धरू नका. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही. शिवाय पंपाचं सील तुटलेलं, आणि कंपनीच्या रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, पीयूसीला धूर नापास होतो तो वेगळाच. बिल त्याने दिलं नव्हतं, पण अर्धे पैसे मोबाइलवरून स्कॅन करून दिले होते, ती नोंद हातात आहे. त्यावर आणि क्लीनरच्या व्हिडिओवर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली. धंद्याची गाडी म्हणून ग्राहक आयोगात अडवतात असं ऐकाल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यात सूट आहे.

नव्या गाडीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना स्क्रू नाही, तिथे हीच मंडळी लॅपटॉप घेऊन येतात आणि 'रिमॅप' करतो (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलतो), धूर साफ करायला फवारला जाणारा युरिया बंद करतो म्हणतात. युरिया बंद करणं बेकायदा आहे. आणि या गाड्यांमध्ये एक्झॉस्टचे टेंपरेचर सेन्सर कंपनीनेच बसवलेले असतात, स्कॅनर लावला की आकडे दिसतात. तिथे वेगळं मीटर विकायला कुणी आला तर त्याला आधी हेच विचारा.

पंपाचं काम करायचं असेल तर पंप उतरवून बेंचवर नेणाऱ्याकडेच करा. बेंचवरचे आकडे छापून घ्या, नोझल काढायच्या आधी त्यांच्या कोडचे फोटो काढा, काढलेला माल नजरेआड होऊ देऊ नका. बाटलीने ॲव्हरेज काढत असेल तर परतीचा पाइप कुठे आहे ते वाकून बघा. आमच्या क्लीनरचा व्हिडिओ ज्याला हवा त्याला देतो. त्यात तो माणूस पाठमोरा आहे, पण बाटली आणि पाइप स्वच्छ दिसतात.