नृत्यसंशोधनाचे संदर्भ: गूगल स्कॉलर की जेस्टोर?

गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या अभ्यासलेख शोधायच्या सेवेवर, नुसतं ‘डान्स’ टाकलं की मधमाश्यांच्या नाचावरचे जीवशास्त्राचे लेखही पुढ्यात येतात. प्रबंध, परिषदांतले निबंध, समीक्षित (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले) लेख सगळं एकत्र. त्यातून समीक्षित तेवढं गाळून घ्यायची सोय नाही. पण ‘साइटेड बाय’ अमूल्य आहे: एका भक्कम जुन्या लेखावरून त्याचा आधार घेणारे नवे लेख सापडतात.

जेस्टोर हा अभ्यास-नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह. त्याच्या प्रगत शोधात विषय ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ आणि प्रकार ‘आर्टिकल्स’ निवडा, नाहीतर पुस्तक परीक्षणांचीच गर्दी होते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत द्या. अडचण एकच, पण मोठी: बऱ्याच नियतकालिकांचे ताजे ३ ते ५ वर्षांचे अंक इथे नसतात. त्यामुळे पाया जेस्टोरवर घाला, पुढचा माग स्कॉलरवर काढा. लेखाला पैसे मागितले, तर आधी ग्रंथालयाच्या लॉगिनमधून उघडून पाहा.