जोडून दिलेला बोरिंग हेडचा सेट घेताय? आधी आर्बर सोडवून बघा

मिलिंग मशीनसाठी बोरिंग हेड (आधी पाडलेलं भोक नेमक्या मापात कोरणारं हत्यार) घ्यायच्या विचारात असलेल्या गोव्यातल्या सगळ्या लहान वर्कशॉपवाल्यांसाठी हे लिहितोय. आर्बर, म्हणजे हेड मशीनला जोडणारा दांडा, हेडमध्ये आधीच आवळून ‘फॅक्टरी फिटिंग आहे, उघडू नका’ असं बजावून विकला जाणारा सेट समोर आला, तर आतले आटे एकमेकांचे आहेत असं अजिबात धरून चालू नका. आम्हाला मिळालेल्या सेटमध्ये ते नव्हते. आणि ही गोदामात चुकून झालेली अदलाबदल नव्हती. न जुळणारे आटे लेथवर तासून, गोंद भरून कोणीतरी बसवले होते.

हेड आणि आर्बर या दोन वेगळ्या वस्तू. आर्बरचा टेपर, म्हणजे निमुळतं टोक, मशीनच्या फिरणाऱ्या स्पिंडलमध्ये जातो. कुणाकडे तो आयएसओ ४० मापाचा असेल, कुणाकडे आर ८, कुणाकडे एमटी ३. दुसऱ्या टोकाचे आटे हेडमध्ये जातात. टेपर चुकीचा आला तर बसतच नाही, त्यामुळे त्यात फसवायला वाव नाही. फसवणूक होते ती आट्यांत, कारण एकदा आवळल्यावर ते दिसत नाहीत.

५० मिलिमीटरच्या हेडला बऱ्याचदा ७/८ इंचाचे, इंचाला २० असे आटे असतात. मोठ्या हेडवर दीड इंच, इंचाला १८ हे माप नेहमीचं. ही इंचातली मापं अमेरिकेतून आली. ब्रिजपोर्टने १९३८ साली टरेट मिल बाजारात आणली आणि त्या धाटणीची मशीन जगभर पसरली, तशी त्यांच्या हत्यारांची मापंही पसरली. पण आता बाजारात मेट्रिक आट्यांचा मालही भरपूर आहे. ७/८ इंच म्हणजे २२.२२५ मिलिमीटर. शेजारी एम २२ × १.५ चा, म्हणजे २२ मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक आर्बर ठेवला तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. खरा फरक पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात आहे. इंचाला २० म्हणजे १.२७ मिलिमीटर पिच, आणि इथे दीड. म्हणजे दर फेरीला जवळपास पाव मिलिमीटरची तफावत. असा आर्बर त्या हेडमध्ये एकदोन फेऱ्यांतच अडकतो, पुढे जात नाही. सरळ दुकानदार इथे थांबतो आणि दुसरा आर्बर काढतो.

आमचं वर्कशॉप फोंड्याजवळ, बेतोड्याच्या बाजूला. ट्रॉलरची कामं बरीच येतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा कुटबण, मालीमच्या ट्रॉलरमालकांची दुरुस्तीची घाई सुरू होते आणि १ ऑगस्टला सगळ्यांना दर्यात उतरायचं असतं. त्याच हंगामासाठी मी घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून ५० मिलिमीटरचं हेड आणि आयएसओ ४० चा आर्बर मागवला. आटे कोणते, हे मी व्हॉट्सअॅपवर स्पष्ट विचारलं होतं. ‘७/८ – २०, दोन्हीकडे सेम, बाब, निर्धास्त राहा,’ असं त्याचं लेखी उत्तर आलं. पैसे आगाऊ घेतले. माल आला तो आर्बर आवळलेलाच. डब्यात चिठ्ठी होती, जोड उघडल्यास वॉरंटी संपेल. बिलावर लिहिलं होतं फक्त ‘बोरिंग हेड सेट, १ नग’. आट्यांचा उल्लेख कुठेच नाही.

पहिलं मोठं काम एका ट्रॉलरच्या विंचचं बेअरिंग हाउसिंग होतं. ६२०७ बेअरिंग, म्हणजे बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर. एच ७ या अचूकतेच्या दर्जाला तिथे शून्य ते ३० मायक्रॉन एवढीच मोकळीक. बोर, म्हणजे कोरलेलं भोक, तोंडाशी मोठा आणि आत लहान येऊ लागला. कट जरा वाढवला की हेड थरथरायचं आणि आतल्या पृष्ठभागावर लाटा उठायच्या. आमच्या फिटरने गिबचे (हेडच्या सरकत्या भागाचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू पाहिले, बोरिंग बार (कापणारी दांडी) बदलला, स्पिंडलचं बेअरिंग तपासलं. सगळं ठीक होतं. मग स्पिंडल लॉक करून डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं गेज) आधी आर्बरच्या दांड्याला लावला आणि हेड हाताने ढकललं. काटा जागचा हलला नाही. तोच डायल हेडच्या वरच्या भागाला लावून ढकललं तर काटा सरकला, आणि सोडल्यावर पूर्ण परत आला नाही. दोष जोडातच आहे, हे तेव्हाच ठरलं.

हॉट एअर गनने तापवून पान्याने उघडलं. घट्ट आट्यांचा जोड सुटताना जोर लागतो तसा लागलाच नाही, गोंद तुटला आणि आर्बर जवळजवळ ओढूनच निघाला. आत लाल गोंदाचा चुरा आणि पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या. होय, नळाच्या कामाची टेप, मिलिंग मशीनच्या स्पिंडलखाली फिरणाऱ्या हत्यारात.

आर्बरच्या आट्यांचे माथे सपाट होते आणि त्यावर लेथच्या टूलच्या ताज्या रेषा होत्या. एम २२ च्या आट्याचा बाहेरचा व्यास २२ च्या किंचित खाली यायला हवा. व्हर्नियर २१ च्या आसपास दाखवत होता. पिच गेजचं (पिच मोजणाऱ्या दातेरी पानांच्या जुडग्याचं) दीडचं पान त्या खाचांत चपखल बसलं. हेडमध्ये मात्र २० चं पान बसलं, म्हणजे हेड खरं होतं. खेळ सगळा आर्बरचा होता. माथे तासले की आटे एकमेकांना अडवत नाहीत, आर्बर घासत घासत शेवटपर्यंत जातो, उरलेली पोकळी टेप आणि गोंद भरून काढतात. हाताला जोड घट्ट लागतो. पकड मात्र आट्यांच्या टोकांवरच्या केसभर धातूची आणि बाकी गोंदाची.

हे नुसतं पैशांचं प्रकरण नाही, म्हणून मला एवढा राग आहे. आर्बरचा खांदा हेडच्या तोंडावर सपाट दाबून बसला तरच हेड सरळ फिरतं, आणि तो दाब आटेच देतात. आटे पकडत नसतील तर कापताना लागणारा सगळा आडवा मार गोंदावर येतो. मशीन चालताना तो जोड गरम होतो, आणि गोंद उष्णतेने मऊ पडतो. बार बाहेर काढलेला, तोल एका बाजूला, आणि समोर वाकून बोर पाहणारा माणूस. आमच्याकडे त्या मशीनवर आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा उभा असतो. ते हेड सुटलं असतं तर कुणाच्या तोंडावर आलं असतं, हे विकणाऱ्याला कळत नसेल असं मी मानत नाही. ज्याने लेथवर माथे तासले त्याला आटे म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं.

फोन केला तर आधी ‘तुमच्या मशीनचा स्पिंडल गेला असणार’. फोटो पाठवल्यावर ‘हा आर्बर युनिव्हर्सल आहे, कुठल्याही हेडला चालतो’. असा आर्बर नसतो. आटे एक तर जुळतात, नाही तर नाही. शेवटी ‘तुम्ही उघडलंत, आता वॉरंटी नाही’. न उघडता खोट सापडत नाही आणि उघडलं की हक्क जातो, यासाठीच ती चिठ्ठी डब्यात होती. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

माल घेताना काय करायचं ते सांगतो. हेड आणि आर्बर सुटे मागवा. जोडलेलेच आले तर पैसे चुकते करण्याआधी सोडवा. पिच गेज काही फार महाग नसतं. इंची आणि मेट्रिक दोन्ही पानं असलेलं घ्या आणि दोन्ही तुकड्यांवर लावून पाहा. आर्बर हेडमध्ये नुसत्या बोटांनी फिरवत न्या. तो न अडकता खांद्यापर्यंत गेला पाहिजे आणि वाटेत डुगडुगता कामा नये. आट्यांचे माथे नीट न्याहाळा, रुंद सपाट दिसले तर व्हर्नियर लावा. ड्रॉबारचे (आर्बर स्पिंडलमध्ये ओढून धरणाऱ्या दांड्याचे) आटेही त्याच वेळी तपासा. आर ८ ला मुळात ७/१६ इंच, इंचाला २० असतात, पण एम १२ चे आर ८ आर्बरही मिळतात. आयएसओ ४० मध्ये एम १६ आणि ५/८ इंच, इंचाला ११, दोन्ही प्रकार आहेत. आणि बिलावर हेडचं माप, आट्यांचं माप, टेपर हे सगळं लिहून घ्या. ‘सेट’ या एका शब्दावर पैसे देऊ नका.

ज्यांचं आधीच नुकसान झालंय त्यांनी व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असायलाच हवा, आणि ते वर्णन त्याच बोलण्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. स्वतः मशीनवर उभं राहणाऱ्या लहान वर्कशॉपवाल्याला हा मुद्दा मांडता येतो. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, व्यापाऱ्याच्या गावी जायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

ट्रॉलरचं काम आम्ही हाउसिंग लेथवर फोर-जॉ चकमध्ये धरून वेळेत पुरं केलं. हेडला नवा, खरा ७/८ – २० चा आर्बर घेतला आणि ते आता नीट चालतंय. तो जुना आर्बर आणि टेपच्या चिंध्या मी पुरावा म्हणून पिशवीत ठेवल्या आहेत. कुणाकडे असाच आवळून दिलेला सेट सध्या मशीनवर चढवलेला असेल, तर पुढचा कट घेण्याआधी स्पिंडल बंद करा आणि हेडला डायल लावून ढकलून बघा.