एसिटालोप्रामचे आठ महिने: पोळ्यापासून आखाजीपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची पहिली गोळी घेतली. खरं तर अर्धीच. १० मिलिग्रॅमची गोळी मधल्या रेघेवर मोडायची, पहिले सात दिवस अर्धी, मग पूर्ण. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, आठ महिने होत आले. गोळी सुरू केल्यावर काय काय होतं हे कोणी आधी नीट सांगितलं असतं तर माझे पहिले पंधरा दिवस एवढ्या भीतीत गेले नसते, म्हणून लिहितोय.

माझं पारोळ्याला कृषी केंद्र आहे. ऐन हंगामात गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मला साधी बेरीज जमत नव्हती. पहाटे चारला डोळा उघडायचा, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. धुळ्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी नैराश्य आणि जोडीला चिंतेचा आजार सांगितला. गोळीबरोबर त्यांनी एक काम दिलं, जे होईल ते तारखेसह लिहून ठेवा. बियाणं कंपनीने दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती घेतली.

पहिल्याच पानावर मळमळ आहे. फोडणीचा वास आला तरी उमाळा यायचा. आई ताटात कळण्याची भाकरी नि भरीत वाढून समोर बसायची, "काय व्हयी ऱ्हायनं तुले? दोन घास खाई ले." मी भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहायचो. नंतर कळलं की ही गोळी सेरोटोनिन या रसायनावर काम करते आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे या गोळ्यांचा पहिला दणका पोटाला बसतो. रिकाम्या पोटी घेणं बंद केलं, नाश्त्यानंतर घेऊ लागलो. दहाव्या-बाराव्या दिवशी मळमळ गेली.

त्याहून अवघड होती घालमेल. ज्यासाठी औषध घेतलं तीच गोष्ट आधी वाढली. चौथ्या रात्री मी अंगणात फेऱ्या मारत होतो, वाटत होतं गोळी मला लागू नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सुरुवातीला असं होतं, फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. झोपेसाठी क्लोनाझेपाम दिली, पण तीनच आठवडे, कारण तिची सवय लागते. आपल्याकडे दोन्ही गोळ्यांना सरसकट 'झोपेची गोळी' म्हणतात, तिथेच घोळ होतो. एसिटालोप्राम नशेची गोळी नाही. मात्र पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींच्या मनात पहिल्या काही आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी तेव्हा जवळ राहावं, आणि तसं काही दिसलं तर थांबू नये, लगेच डॉक्टरांना कळवावं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली मानस या मानसिक त्रासात मदत करणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा घड्याळात साडेसहा वाजले होते.

बरं वाटलं तिथेच मी चुकलो. दिवाळीच्या गर्दीत पाकीट संपलं, 'आता काय गरज' म्हणून आणलंच नाही. हे औषध साधारण ३० तासांत शरीरात निम्मं होतं. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यातून करंट गेल्यासारखं व्हायचं, क्षणभर, पण दिवसातून वीस-वीस वेळा. वर चक्कर आणि चिडचिड. पोरावर विनाकारण ओरडलो, ते अजून सलतं. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली, दोन दिवसांत थांबलं. सोडायची तर त्यांच्या सांगण्याने, आठवड्या-आठवड्यांनी डोस उतरवत सोडायची.

जानेवारीत कंबर धरली. ओळखीच्या मेडिकलवाल्याने पाकीट बघूनच सांगितलं, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी यावर चालत नाही, आणि डायक्लोफिनॅकही विचारल्याशिवाय नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्याचे उपकार आहेत.

आता जे कोणी बोलत नाही ते. शरीरसंबंधात फरक पडतो. इच्छा कमी झाली, आणि शेवटाला पोहोचायला फार वेळ लागू लागला. दोन महिने मी गप्प राहिलो, बायकोला वाटलं माझं मन उडालं. शेवटी तिला पाकिटातला कागद दाखवला, मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. हा त्रास मळमळीसारखा आपोआप जाईलच असं नाही. डोस कमी करणं, औषध बदलणं, दुसरं जोडणं असे मार्ग आहेत. आम्ही सध्या थांबायचं ठरवलंय, पण ठरवलं दोघांनी मिळून.

आखाजीला बहिणी आल्या, झोके बांधले, आमरस-पुरणपोळी झाली. त्या निघाल्या तेव्हा दरवर्षी माझे डोळे भरतात, यंदा भरले नाहीत. दुःख गेलं तशी मायेची धारही थोडी बोथट झाली का, हा प्रश्न मी डायरीत लिहिला. डॉक्टरांनी तो टाळला नाही. असं होतं म्हणाले, डोस उतरवला की बहुतेकदा परत येतं. पण बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते, आणि दिवाळीच्या खंडामुळे माझी मुदत त्यांनी पुढे ढकलली आहे.

सध्या पारा ४४ वर आहे आणि या गोळीने घाम जास्त येतो. दुकानात मोठा माठ भरून ठेवलाय, दुपारी गोदामात जात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम या गोळीने उतरू शकतं, त्यामुळे त्यांना गुंगी आली किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नये.

पुढची तारीख आषाढात आहे. डायरीत आता चारच नोंदी उरल्यात: घाम, दुपारच्या जांभया, न भरलेले डोळे आणि बायकोशी बोललेली ती गोष्ट.