जुनं वॉशिंग मशीन: ट्विन टब, टॉप लोड की फ्रंट लोड, खर्च कशावर करायचा?

बंद पडलेलं मशीन ठेवायचं की भंगारवाल्याला द्यायचं, हे बहुतेक घरांत मोटर बघून ठरतं. मोटर जळाली की मशीन गेलं, असा सरळ हिशेब. पण तिन्ही प्रकारांत मोटर बदलता येते, रिवाइंडही होते. निर्णय खरा दोन गोष्टींवर करायला हवा: मशीनचा तळ किती सडला आहे, आणि तुमच्या घरी पाणी कसं येतं. विदर्भातल्या गावात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, म्हणून सुरुवात तिथून.

पाणी

टॉप लोड असो की फ्रंट लोड, ऑटोमॅटिक मशीन नळातून स्वतः पाणी ओढत नाही. दाबानं आलेलं पाणी फक्त आत घेतं. त्याच्या इनलेट वॉल्व्हला साधारण ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी वॉल्व्हपेक्षा ३ मीटर तरी उंच हवं. टिनाच्या घराला लागून ६ फुटी स्टँडवर ५०० लिटरची टाकी असेल तर हिशेब करून बघा: मशीनचा वॉल्व्ह जमिनीपासून ३ फुटांवर, टाकीचा तळ त्याच्यावर जेमतेम ३ फूट, टाकी काठोकाठ भरली तर आणखी तीनेक फूट. म्हणजे २ मीटरही नाही. पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं, ठरलेल्या वेळेत पातळी गाठत नाही आणि मशीन एरर दाखवून थांबतं. मग वॉल्व्ह बदलला जातो, पैसे जातात, एरर राहतेच. वॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती पक्कडीनं ओढून साफ करून पाहा. तरीही फरक पडला नाही तर दोष टाकीच्या उंचीचा आहे. छोटा प्रेशर पंप लावून काम भागतं, पण तो खर्च जुन्या मशीनच्या नावावर धरायला विसरू नका.

ट्विन टबला, म्हणजे सेमी ऑटोमॅटिकला, यातलं काहीच लागत नाही. नळ चौथ्या दिवशी येत असेल आणि पाणी ड्रममध्ये भरून ठेवत असाल, तर बादलीनं ओता, मशीन चालू करा. एका घाण्याचं साबणाचं पाणी दुसऱ्या, जास्त मळक्या कपड्यांच्या घाण्याला वापरता येतं. ऑटोमॅटिक ते पाणी फेकून देतं.

आता पाण्याची जात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूरकडचा भाग, तिथे बोअरच्या पाण्यावर जुनं फ्रंट लोड दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, असं आमचं स्पष्ट मत. कारण ड्रमच्या मागे आहे. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, आणि त्याला धरून ठेवणारा तीन पायांचा स्पायडर ॲल्युमिनिअमचा. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकलेले असले की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं. त्यात जड पाण्यासाठी म्हणून धुण्याचा सोडा टाकण्याची सवय असेल तर झीज आणखी वाढते, कारण सोडा ॲल्युमिनिअमला खातो. ट्विन टबमध्ये धुण्याचा टब प्लास्टिकचा असतो, तिथे चमचा-दोन चमचे सोडा बिनधास्त चालतो आणि कपडेही चांगले निघतात.

वीज

रब्बीत पंप सुरू झाले की डीपीवरचं व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १७० मिळालं तर मोटरची ताकद एक चतुर्थांश नाही, जवळजवळ निम्मी कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ५५ टक्क्यांच्या आसपास उरते. मशीन गुंगुं करतं आणि फिरत नाही, लोकांना वाटतं मोटर गेली. फ्रंट लोडचा २००० वॅटचा हीटर त्याच व्होल्टेजला ११०० वॅटचाच राहतो. पाणी तापायला दुप्पट वेळ. ट्विन टबला १ केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. हीटर असलेल्या फ्रंट लोडला ३ केव्हीएच्या वरचा लागतो.

मधेच लाइन गेली तर? जुन्या टॉप लोडचं कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बहुधा सगळं विसरतं आणि पहिल्यापासून सुरुवात करतं. ट्विन टबचा टायमर चावीचा असतो, तो लाइन नसतानाही टिकटिक करत शून्यावर येतो. लाइन आली की पुन्हा फिरवायचा, एवढंच.

टॉप लोड: यात पडू नका

जुन्या टॉप लोडबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कार्ड राळेत बुडवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्ती अवघड; त्याच मॉडेलचं नवं कार्ड मिळणं आणखी अवघड. बाजारात मिळणारं युनिव्हर्सल कार्ड बसवता येतं, पण त्यासाठी ड्रेन मोटर, पाण्याच्या पातळीचा सेन्सर आणि क्लच तिन्ही शाबूत हवेत. कार्ड चालू असेल आणि फक्त कपडे पिळताना मशीन घरभर चालत असेल, तर चार कोपऱ्यांतले सस्पेन्शन रॉड चारही एकदम बदला. तेवढा खर्च पटतो. बाकी सोडून द्या.

फ्रंट लोड: दहा मिनिटांची परीक्षा

गोडं पाणी, छतावर उंच टाकी आणि पक्की वीज असेल, म्हणजे तालुक्याच्या गावचं घर असेल, तर जुनं फ्रंट लोड वाचवण्यासारखं असू शकतं. काही जुन्या मशीनचा बाहेरचा टब क्लिपांनी किंवा बोल्टांनी उघडतो, त्यामुळे बेअरिंग बदलता येतात. अलीकडे बऱ्याच मशीनमध्ये टब वेल्ड केलेला येतो.

दार उघडून ड्रमची कड धरा, वर-खाली हलवा. हलतोय? आता मागचं झाकण काढा आणि दुसऱ्या माणसाला मोठ्या पुलीवर नजर ठेवायला सांगा. ड्रमबरोबर पुलीही डुलत असेल तर बेअरिंग गेली. जुन्या बेअरिंगच्या कडेला ६२०५, ६२०६ असा नंबर असतो, तोच घ्या, आणि ऑइल सील त्याच वेळी नवं टाका. ड्रम डुलतो पण पुली स्थिर आहे, तर स्पायडर तुटला. जुन्या मॉडेलचा स्पायडर मिळाला नाही तर तिथेच थांबा. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण खाल्लेल्या ॲल्युमिनिअमवर वेल्ड टिकत नाही आणि पिळताना ड्रम सुटला तर टब फोडून बाहेर येतो.

मोटर मधूनमधून बंद पडत असेल तर कार्बन ब्रश बघा. १ सेंटिमीटरच्या खाली आले असतील तर जोडीनं बदला. काम स्वस्त आणि सोपं.

ट्विन टब: इथे मेहनत कामी येते

गावाकडे सर्वांत जास्त पडून असलेलं मशीन हेच, आणि दुरुस्तीला सर्वांत सोपंही हेच. कंपनी राहिली की गेली यानं फारसा फरक पडत नाही. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी तिच्या ट्विन टबला लागणारा पट्टा, सील, कंडेन्सर पार्टच्या दुकानांत मिळतात, कारण हे भाग बऱ्याच कंपन्यांच्या मशीनमध्ये एकसारखे चालतात. नमुना मात्र सोबत न्या. गिअरबॉक्सच्या दांडीवरचे दाते मोजून न्या, टायमरच्या तारा मोजा, पट्ट्यावरचा नंबर पुसला असेल तर पट्टाच खिशात घाला.

पहिली तपासणी कंडेन्सरची. धुण्याच्या मोटरला बहुधा १० मायक्रोफॅरड, ड्रायरच्या मोटरला ५ च्या आसपास, दोन्ही ४४० व्होल्टचे. काहींत एकाच डब्यात दोन्ही असतात. मोटर गुंगुं करते आणि हातानं पुली ढकलली की फिरायला लागते, तर नव्वद टक्के कंडेन्सर. पिन काढून, टोकांना ६० वॅटचा साधा बल्ब क्षणभर लावून चार्ज उतरवा, मग मीटरवर मोजा. १० चा ९ च्या खाली दाखवत असेल तर बदला. 'थोडा मोठा टाकून देतो, जोर वाढेल' असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. जोर तात्पुरता वाढतो आणि वाइंडिंग तापून जळतं.

मग गळती. टबमध्ये वीतभर पाणी भरा, खाली वर्तमानपत्र पसरा, अर्धा तास थांबा. धुण्याच्या टबाच्या मध्याखाली कागद भिजला तर गिअरबॉक्सचं सील. ड्रायरखाली भिजला तर तिथला रबरी बेलो, म्हणजे दांडीभोवतीचं घड्यांचं रबर. मात्र त्यासाठी ड्रायरमध्येही पाणी ओतून बघावं लागतं. कागद कोरडा आणि नळीतून थेंब थेंब चालू, तर ड्रेन वॉल्व्हच्या रबराखाली काहीतरी अडकलं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथे हमखास पऱ्हाटीच्या काड्या आणि सरकी निघते. वॉल्व्हचं झाकण उघडा, रबर धुऊन परत बसवा. नवीन घेण्याची गरज सहसा नसते.

गिअरबॉक्सचं सील सगळ्यात जास्त जातं आणि त्याचं कारण काळी माती. कपड्यांतली माती टबाच्या तळाशी, पल्सेटरच्या, म्हणजे कपडे घुसळणाऱ्या चकतीच्या खाली बसते आणि सीलची कड घासते. शेतातले कपडे आधी बादलीत खंगाळून मग मशीनमध्ये टाकले तर सील खूप जास्त टिकतं. पल्सेटर काढणं हेच या कामातलं अवघड पाऊल. मधला स्क्रू गंजला असेल तर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा. स्क्रू निघाला तरी पल्सेटर दांडीवर चिकटून बसतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकू नका. टबाची कड तडकते आणि मग सगळंच गेलं. लेहंग्याचा जाड नाडा घ्या, पल्सेटरच्या कडेखालून दोन्ही बाजूंनी सरकवा आणि दोन्ही टोकं एकदम सरळ वर ओढा. खाली गाळाचा काळा थर आणि एखादं नाणं निघेल. दांडीला गंज असेल तर नुसतं सील बदलून दोन महिन्यांत परत गळेल. तेव्हा गिअरबॉक्स पूर्ण बदला. मोटर फिरते, पट्टा फिरतो, पण पल्सेटर जागीच, असं असेल तर गिअरबॉक्स घेण्याआधी पल्सेटरचे आतले दाते बघा. तो स्वस्तात मिळतो.

परत जोडताना पट्टा मध्यावर अंगठ्यानं दाबून १० ते १२ मिलिमीटर दबेल इतका ताणा. जास्त ताणला तर बेअरिंग लवकर जाते. ४५ अंशांचे तीन-चार उन्हाळे काढलेला पट्टा वरून ठीक दिसला तरी उलटा वाकवून बघा, दातावर भेगा दिसतात.

ड्रायरची टोपली मिनिटाला १३०० ते १४०० फेरे घेते. झाकण उघडताच स्विचनं वीज तुटली पाहिजे आणि तारेच्या ब्रेकनं टोपली काही सेकंदांत थांबली पाहिजे. स्विच बिघडला की 'डायरेक्ट करून देतो' हे ठरलेलं उत्तर. घरात लहान मूल असेल तर असं मशीन घरात ठेवूच नये. स्विच शंभर-दोनशे रुपयांत येतो.

टब तडकला असेल तर एम-सील, अरल्डाइट लावून वेळ घालवू नका. बहुतेक टब पॉलिप्रोपिलीनचे, त्यावर साधे चिकट पदार्थ धरत नाहीत. शंका असेल तर कोपऱ्यातला छोटा तुकडा पाण्यात टाका: तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, आणि त्याला त्याच प्लास्टिकच्या काडीनं गरम हवेचं वेल्डिंगच लागेल. बुडाला तर बहुधा एबीएस, ते चिकटवता येतं.

टिनाच्या बॉडीचं जुनं मशीन असेल तर तळपट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, ८० नंबरचा मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात आणि इनॅमलचे दोन. टोक आरपार गेलं, तेही मोटर ज्या पत्र्यावर लटकते तिथे, तर हे मशीन पार्ट काढण्यापुरतंच. मोटर मात्र भंगारात देऊ नका; जुन्यांत बरेचदा तांब्याचं वाइंडिंग असतं आणि स्वस्त बदली मोटरमध्ये ॲल्युमिनिअमचं.

आणि अर्थिंग. टिनाची बॉडी, ओली न्हाणी, दोन पिनांचा प्लग, हे एकत्र असू देऊ नका. टेस्टर बॉडीला लावून दिवा लागला तर आधी ते काम, बाकी सगळं नंतर. काळ्या मातीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

नवीन घेतलं तर

७ किलोचं नवं सेमी ऑटोमॅटिक साधारण ८ ते १२ हजारांत मिळतं. कंडेन्सर, पट्टा, सील, बेलो, स्विच हे सगळं मिळून मजुरीसह दोन हजारांच्या आत बसलं तर जुनंच दुरुस्त करा. गिअरबॉक्स किंवा एक मोटर यांपैकी एकच मोठी वस्तू वाढली तरी चालेल. दोन मोठ्या वस्तू गेल्या असतील तर नवीन घ्या. तिसरी कधी जाईल याचा नेम नाही.

चालू झाल्यावर, किंवा नुसतं जपायचं असेल तर

खालचा भाग उघडा असतो आणि उंदीर तिथूनच वर चढून तारा कुरतडतात. ६ मिलिमीटरची जाळी चार स्क्रूंनी लावा. अर्ध्या इंचाच्या जाळीतून उंदराचं पिल्लू आरामात जातं. प्लायवूडनं बंद करू नका, मोटरला हवा लागते. बेलो आणि वॉल्व्हच्या रबरावर रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस बोटभर पुरतं. पाण्याचा पांढरा थर चढला तर १०० ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात, दहा मिनिटं फिरवून तासभर तसंच. त्या दिवशी ब्लीच जवळ आणू नका.

महिनोन्‌महिने बंद ठेवायचं असेल तर नळी खाली सोडून सगळं पाणी काढा, पट्टा सैल करा, झाकणं उघडी ठेवा, खाली दोन विटांवर फळी द्या आणि वरून सुती चादर टाका. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यात घाम धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.