हवामान बदलावर छोटं पुस्तक घ्यायचंय, मॅस्लिन की रॉम?

दोन्ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचीच, विषय पण एकच, तरी वाचताना फरक लगेच कळतो. मार्क मॅस्लिनचं 'व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन' सिरीजमधलं, खिशात मावेल एवढं. 2004 मध्ये आलं तेव्हा नाव 'ग्लोबल वॉर्मिंग' होतं, पुढच्या आवृत्त्यांत 'क्लायमेट चेंज' झालं, आणि मला ते नाव बदलणंच फार बोलकं वाटतं, कारण प्रश्न नुसत्या तापमानाचा नाहीये, पाऊस, समुद्राची पातळी, वादळं सगळंच त्यात येतं.

जोसेफ रॉमचं 'व्हॉट एव्हरीवन नीड्स टू नो' सिरीजमधलं, 2015 ला पहिल्यांदा आलं. अख्खं पुस्तक प्रश्नोत्तरांत आहे, अनुक्रमणिका उघडली की प्रश्नांची यादीच समोर येते, त्यामुळे कोणी वाद घालत असेल तर नेमकं ते पान काढून दाखवता येतं! शिवाय शेवटी तुमच्या-आमच्या आयुष्यावर वेगळं प्रकरण आहे, समुद्रकिनारी घर घ्यावं का इथपर्यंत. हे मॅस्लिनकडे नाही मिळत.

पण सलग वाचायला मॅस्लिनच सरस. आधी पुरावे, मग कॉम्प्युटर मॉडेल्स भविष्याचा अंदाज कसा बांधतात, मग परिणाम, राजकारण, उपाय, अशी एकातून एक गोष्ट उलगडत जाते, रॉमचं सलग वाचायला गेलं की तेच मुद्दे परत येतात आणि जरा दमायला होतं.

विषय नवीन असेल तर मॅस्लिन घ्या, बेसिक माहिती असेल तर सरळ रॉम.