१२८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि अप्पांचा कुलवृत्तांत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. अप्पांचा लॅपटॉप दहा वर्षांचा, विंडोज ११ च्या अटींत न बसणारा. स्टेशनजवळचा एक रिपेअरिंगवाला म्हणाला, "साहेब, जुन्यावरपण अकरा चढतं. बूटेबल पेनड्राइव्ह देतो, १२८ जीबी. अ‍ॅक्टिव्हेशन लाइफटाइम. चौदाशे द्या." (बूटेबल म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करून विंडोज टाकता येतं असा.) मी लगेच यूपीआय केलं. बिल मागितलं नाही, चौदाशे रुपयांसाठी काय बिल मागायचं!

त्यातली किरकोळ फसवणूक आधी सांगून टाकतो. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सेटअपची एकच फाइल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. असा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच मीडिया क्रिएशन टूलला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तेच काम करणारा रुफस नावाचा प्रोग्रामही फुकटच आहे, आणि त्यात टीपीएम २.० ची (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची) अट वगळण्याचा पर्याय आहे. (अशा लॅपटॉपला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत सपोर्ट नसतो, हे मात्र त्या गृहस्थाने सांगितलं नाही.) ते 'लाइफटाइम' नंतर तपासलं, तर मुदत निघाली १८० दिवसांची. मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या केएमएस पद्धतीचं चोरटं अ‍ॅक्टिव्हेशन होतं ते.

खरा घाव वेगळा होता.

अप्पा २०११ पासून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जमवत होते. गावोगावच्या भाऊबंदांकडून आणलेल्या वंशावळी, मोडी कागदांचे स्कॅन, जुने फोटो, सगळे मिळून ६१ जीबी, वर्षावार फोल्डरांत नीट लावलेले. नवीन विंडोज टाकण्याआधी बॅकअप हवा, एवढं मला कळत होतं. हातात १२८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात सेटअपने सहा-सात जीबी खाल्लेले, बाकी सगळा मोकळा. सगळं त्यावरच कॉपी केलं. कुठेही एरर आली नाही. खात्री म्हणून २०११ चा फोल्डर उघडून चार फोटो पाहिले, छान दिसले. मग पेनड्राइव्हवरून लॅपटॉप बूट केला, हार्डडिस्कवरची जुनी पार्टिशनं (डिस्कचे भाग) उडवली, विंडोज ११ बसलं. तासाभरात सगळं झालं म्हणून मी खूश.

फोल्डर परत लॅपटॉपवर घेतले ते तीन आठवड्यांनी. २०१२ च्या मध्यापर्यंत सगळं ठीक. पुढे प्रत्येक फाइलचं नाव जागेवर, साइज बरोबर, पण उघडेना. एकही नाही.

पेनड्राइव्ह मुळात १६ जीबीचा होता. त्यातल्या कंट्रोलर चिपला 'मी १२८ आहे' असं सांगायला शिकवलेलं असतं, आणि कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपल्यावर आलेला डेटा अशा ड्राइव्हमध्ये कुठेच साठत नाही किंवा आधीच्या डेटावर लिहिला जातो. आमच्यात तो नुसता हरवला. फाइलींची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या भागात राहते, म्हणून नावं दिसतात. विंडोजचा सेटअपही त्याच भागात होता, म्हणून लॅपटॉप झकास बूट झाला. जो पेनड्राइव्ह बूट होतो तो खोटा असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आणि मी तपासला तोही पहिलाच फोल्डर!

लॅपटॉपच्या हार्डडिस्कवरून रिकव्हरी करून पाहिली. पण आम्ही तीन आठवडे त्याच डिस्कवर काम करत होतो, जुन्या फाइलींवर नवं लिहिलं गेलं होतं. थोडे फोटो मिळाले, तेही नावांशिवाय.

आता घरात येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड मी आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकट प्रोग्रामने तपासतो. तो पूर्ण जागा भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पाहतो. ड्राइव्ह रिकामा लागतो, मोठा असेल तर रात्रभर चालतं. लिनक्सवाल्यांसाठी तसाच एफ-थ्री आहे. आमच्या 'एकशेअठ्ठावीस'वर एच-टू-टेस्ट-डब्ल्यूने साडेचौदा जीबीच्या आसपास जागा ठीक दाखवली, बाकी सगळं लाल.

दुकानात गेलो. रिपेअरिंगवाला म्हणाला, "तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल. पेनड्राइव्हला गॅरंटी नसते." बिल नसल्याने पुढे बोलायला जागाच नव्हती. यूपीआयची नोंद आणि टेस्टच्या स्क्रीनचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. अप्पांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. परवा ते फोनवर कुणाला तरी विचारत होते, तुमच्याकडची वंशावळ पुन्हा एकदा पाठवाल का.