कुडाळचं दहा दिवसांचं अभिनय शिबिर: वाक्याचा शेवट ऐकू येऊ लागला

मे महिन्यात कुडाळला झालेलं दहा दिवसांचं अभिनय शिबिर मी पूर्ण केलं. फी ४,५०० रुपये, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दुपारचं जेवण त्यातच. मी वेंगुर्ल्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ४३. साठवलेली रजा टाकून रोज सकाळच्या एसटीने जात होते. वाडीतल्या नाटकांत लग्नाआधीपासून उभी राहते आणि हौशी संघातून दोनदा राज्य नाट्य स्पर्धेतही काम केलंय. त्यामुळे रंगमंच नवा नव्हता. पण एक दुखणं जुनं होतं, ते आधी सांगते.

माझा आवाज बसायचा. तालमींच्या शेवटच्या आठवड्यात हमखास. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं. प्रयोगाला जीव तोडून बोलायचे, तरी मागच्या रांगेतल्या बायका नंतर म्हणायच्या, "खूप ओरडतेस गो, पण शेवटी काय म्हणालीस ता समाजला नाय."

दोन वर्षांपूर्वी याच दुखण्यासाठी मी दुसरीकडे एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. तिथे आवाजाचा विषयच निघाला नाही. डोळे मिटून बसायचं आणि आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग आठवायचा. नुकतेच वडील गेलेली एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली, तेव्हा शिकवणाऱ्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. मला आजही त्याचा राग आहे. कुणाच्या दुःखाला हात घालायचा तर त्याला परत सावरायचं कसं, हे हात घालणाऱ्याला यायलाच हवं.

कुडाळला शिकवणारे दोघे होते. एक सर, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले, पुढे मुंबईत प्रायोगिक नाटकं करणारे. तरुणपणी त्यांनी नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांची कार्यशाळा केली होती. दुबेजी २०११ साली गेले, पण सर त्यांच्याबद्दल बोलताना अजून ताठ बसतात. दुसरे आमच्याच जिल्ह्यातले दशावतारी काका, म्हणजे दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात काम करणारे. पस्तीसेक वर्षं स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे.

पहिले तीन दिवस सरांनी एकही संवाद म्हणू दिला नाही. सतरंजीवर उताणं झोपायचं, पोटावर तांदळाची किलोभराची पिशवी ठेवायची. श्वास घेतला की पिशवी वर आली पाहिजे, छाती नाही. फुप्फुसांच्या खाली पडद्यासारखा एक स्नायू असतो, श्वास घेताना तो खाली सरकतो आणि म्हणून पोट पुढे येतं, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मग 'सऽऽऽ' करत तो श्वास सावकाश सोडायचा. पहिल्या दिवशी मी ११ सेकंदांत संपले. शेवटच्या दिवशी २६ पर्यंत गेले. मग ओठ मिटून 'म्'चा गुंजारव, बोटं नाकाच्या हाडावर ठेवून. बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं की आवाज घशात न अडकता पुढे आला असं समजायचं. काही मुलं कंटाळली. मला वाटलं, इतकी वर्षं हे कुणीच का नाही सांगितलं?

चौथ्या दिवशी सरांनी प्रत्येकाला एकच वाक्य दिलं: "त्या रात्री मी घरातून बाहेर पडले नव्हते." आम्ही हॉलच्या या टोकाला, सर त्या टोकाला पाठ करून कागद-पेन घेऊन बसलेले. जेवढं ऐकू येईल तेवढंच ते लिहिणार. माझी चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर लिहिलंय: "त्या रात्री मी घरातून बाहेर पडले." आपण निर्दोष आहोत असं सांगणाऱ्या बाईने गुन्हा कबूल केला होता!

सर म्हणाले, मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. आपण वाक्याच्या सुरुवातीला सगळा श्वास उधळतो आणि नेमका अर्थ जिथे ठरतो तिथे पोचेपर्यंत हात रिकामे. मी हे ऐकून गप्पच झाले. मागच्या रांगेतल्या बायका वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या.

सहाव्या दिवशी काका आले. सोबत पेटीवाले, मृदंगवाले आणि झांजवाले. मध्ये एक लाकडी बाकडं, बस्स. ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते: आधी आड-दशावतार होतो, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, वेद चोरणारा काळा संकासुर येतो आणि मालवणीत हसवून जातो. मग पुराणातलं आख्यान. त्याची लिखित संहिता नसते. कोणता प्रसंग कुठून कुठे न्यायचा एवढं ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचवायचे. जत्रेला देवळासमोर रात्रभर हे चालतं. माइक नव्हते तेव्हाही चालायचं.

काकांनी आमच्यासमोर स्वतःचा चेहरा रंगवला, नऊवारी नेसले, कमरेला पट्टा घट्ट आवळला. मी घाबरत विचारलं, इतकं आवळल्यावर श्वास कसा घेता? त्यांनी माझे दोन्ही तळहात स्वतःच्या पाठीवर, पट्ट्याच्या खाली ठेवायला लावले आणि एक लांब वाक्य म्हटलं. तळहात बाहेर ढकलले गेले. वाक्य संपेपर्यंत तो फुगवटा हळूहळू ओसरत गेला, शेवटच्या अक्षरालाही थोडा शिल्लक होता. पुढून पोट आवळलेलं, म्हणून त्यांचा श्वास पाठीकडे उतरत होता. सरांनी तीन दिवस झोपवून जे शिकवलं तेच काका नऊवारीत उभ्याने करत होते.

मग माझी पाळी. काका मघाशी राणी होते, आता उपरणं टाकून हिरण्यकश्यपू झाले. मी त्याची राणी कयाधू, प्रल्हादाची आई. प्रल्हादाला कड्यावरून लोटायची आज्ञा झालेली आणि मी त्याची बाजू मांडायची, संहिता काही नाही. मी बोलत गेले, शब्द सुचत होते, अंगात चढलंही होतं. शेवटी म्हणाले, "महाराज, माझं लेकरू अपराधी नाही." माझ्या मते मी म्हणाले. काका नुसते उभे. मृदंग गप्प, झांज गप्प. पेटीवाल्यांची बोटं पट्ट्यांवर नुसती ठेवलेली. किती वेळ गेला कोण जाणे. मग काका त्याच राजाच्या आवाजात म्हणाले, "राणी, वाक्य पुरं कर."

दुसऱ्यांदा मी श्वास कमरेत घेतला, "अपराधी" शब्दावर घाई केली नाही आणि "नाही" तोलून ठेवला. त्याच क्षणी झांज पडली. अंगावर काटा आला.

नंतर काकांनी समजावलं. संहिता नसल्यामुळे समोरच्याला कधी बोलायचं ते शेवटच्या शब्दावरूनच कळतं. साथ करणारेही त्या शब्दावरच वाद्य उचलतात. तो शब्द गिळला की सगळा खेळ अडतो. आणि मला म्हणाले, "गो बाये, गळ्याक कित्याक ताप देतंस? कंबरेक काम लाव."

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. ३४ जण म्हणजे जास्तच. शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. हॉलवर पत्रे, दुपारी दोन ते चार जीव नकोसा होत होता. तेवढा वेळ खालच्या आंब्याच्या सावलीत घेता आला असता. आठवा दिवस कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा होता. एका दिवसात त्यातलं काही हाती लागलं नाही, मुलांची फोटो काढायची हौस तेवढी भागली. समारोपाला भाषणं दोन तास आणि आमचं सादरीकरण चाळीस मिनिटं, हे बघून वाईट वाटलं. जेवण मात्र उत्तम: उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. वाढणाऱ्या काकू पोट हलकं ठेवा म्हणून आठवण करायच्या, कारण जेवणानंतर पुन्हा श्वासाचे व्यायाम असायचे.

मालिकेत काम मिळावं म्हणून जाणार असाल तर इथे जाऊ नका, तशी ओळखपाळख करून देणारं इथे कुणी नाही. पण हौशी नाटकात काम करत असाल, शाळेत शिकवत असाल, कीर्तन करत असाल, तर रजा काढून जा.

घरी आल्यावर मी रोज पहाटे पडवीत दहा मिनिटं 'सऽऽऽ' करते. जूनमध्ये वाचनालयात एक लांबलचक उतारा वाचला, माइक बंद पडल्यावरही वाचला, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर आवाज शाबूत होता.

आयोजकांना एकच विनंती. काकांना फक्त एक दिवस दिलात, पुढच्या वेळी तीन द्या. पेटी-मृदंगासकट. त्यासाठी फी पाचशे रुपयांनी वाढवलीत तरी मी भरेन, आणि आमच्या संघातल्या दोघींना घेऊन येईन.